बॉट कुणाचा, ते त्याच्या डोक्यावर लिहा

गेममधे समोर आलेला गडी खरा माणूस आहे की कंपनीने सोडलेला बॉट, म्हणजे माणसासारखा खेळणारा प्रोग्राम, हे ठाण्यातल्या कुठल्याही बारा वर्षांच्या पोराला विचारा, दहा सेकंदात सांगेल. सरळ रेषेत पळतो, गोळी लागली तरी आडोसा घेत नाही, दाराशी नुसता घुटमळतो, म्हणजे बॉट. पोरांना यात नवल वाटत नाही, आईबापांना मुळात पत्ताच नसतो, आणि एआयवर मोठमोठे लेख लिहिणाऱ्यांना गेम म्हणजे पोरखेळ वाटतो त्यामुळे ते तिकडे फिरकत नाहीत. माझं म्हणणं असं की सॉफ्टवेअर एजंटांची, म्हणजे कुणाच्या तरी वतीने स्वतःहून कामं करणाऱ्या प्रोग्रामांची, जी काही थेरं आपल्याला पुढे दुकानात, बँकेत, सरकारी खिडकीवर बघायची आहेत त्यातली बरीचशी या व्हर्च्युअल जगांत आधीच होऊन गेलीयत, तेव्हा नियम करायचे तर सुरुवात तिथूनच करा. आणि नियम तरी काय, मला एकच हवाय. तिथे फिरणाऱ्या प्रत्येक एजंटच्या डोक्यावर दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत, एक म्हणजे मी प्रोग्राम आहे, आणि दुसरी म्हणजे मी अमक्याच्या वतीने फिरतोय. पहिली मागणी बरेच जण करतात. दुसरीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

मी महापेला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, गेमिंगच्या धंद्याशी माझा संबंध नाही, पण संध्याकाळी घणसोलीहून ठाण्याला येणाऱ्या ट्रान्स हार्बरच्या गाडीत उभं राहिलं की या विषयाचं शिक्षण फुकटात होतं. मागे एकदा कॉलेजची चार पोरं दाराजवळ चिकटून उभी, चौघांचे मोबाईल आडवे, एकाच्या कानात इअरफोन बाकीच्यांचे स्पीकर चालू, सगळा डबा ऐकतोय. ‘बॉट आहे रे, वाजव बिनधास्त.’ ‘तो नको, तो खराय, बघ ना कसा झुकून बघतोय.’ त्यांच्यात एक जरा लहान होता, कुणाचा तरी धाकटा भाऊ असणार, सहा किल केले म्हणून फुशारला होता, तर त्याच्या दादाने मान पण न वळवता सांगितलं, ‘सहाच्या सहा बॉट होते.’ ‘तुला काय माहिती?’ ‘अरे तू समोर उभा होतास तरी मारलं नाही त्यांनी. तुला जिंकवायलाच सोडलेले असतात ते.’ दिघा गाव गेलं तरी त्या पोराने परत मोबाईल वर उचलला नाही.

जिंकवायलाच सोडलेले. या एका वाक्यात तो दादा जे बोलून गेला ते बऱ्याच तज्ज्ञांना सुचत नाही. आपण सगळे विचारतो की बॉट किती हुशार आहे, माणसासारखा वाटतो का, भाषा कशी बोलतो. त्या दादाने विचार केला तो बॉट तिथे कशासाठी आहे याचा.

आता बॉट ठेवायला प्रामाणिक कारणंही आहेत हे आधी मान्य करून टाकते. शंभर जणांची गेम आहे आणि रात्री तीन वाजता साठच जण आले तर बाकीचे चाळीस कुठून आणणार, नवख्याला पहिल्याच डावात मुरलेल्या खेळाडूंपुढे टाकलं तर तो परत येणार नाही, हे सगळं बरोबर आहे. पण हेच जरा पुढे ताणा. २०१७ मधे ॲक्टिव्हिजन या गेम बनवणाऱ्या कंपनीला अमेरिकेत एक पेटंट मिळालं, त्यात काय होतं तर खेळाडूंच्या जोड्या अशा लावायच्या की त्यांना विकतच्या वस्तू घ्याव्याशा वाटतील. म्हणजे नवख्याची गाठ अशा खेळाडूशी घालायची ज्याच्याकडे विकतची भारी बंदूक आहे, मग याला वाटणार आपल्याकडे पण हवी, आणि त्याने ती घेतली की पुढचा डाव असा द्यायचा जिथे ती बंदूक छान चालेल, म्हणजे पैसे वसूल झाल्यासारखं वाटेल. हे कुठल्याही गेममधे वापरलेलं नाही असं कंपनीने तेव्हाच सांगितलं, आणि मी ते खरं धरते. पण कल्पना तर कागदावर आली ना. त्यात गाठ खऱ्या खेळाडूंशी घालायची होती. त्या जागी बोलता येणारा, तुमचा मूड ओळखणारा, तुम्ही गेम बंद करायच्या बेतात आहात हे तुमच्या आधी ताडणारा एजंट बसवला तर? त्याला खेळाडू शोधत बसावंच लागणार नाही, तो स्वतःच तो खेळाडू होईल.

इथे एक तांत्रिक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी कारण टीव्हीवरच्या चर्चेत ती कधीच येत नाही. खऱ्या जगात रोबोला भिंत दिसायला कॅमेरा लागतो, सेन्सर लागतो, धूळ असली की गोंधळतो. व्हर्च्युअल जगात तसलं काही नाही, ते जग म्हणजेच मुळात एक डेटाबेस, कॉम्प्युटरमधल्या नोंदींचा साठा, त्यामुळे ज्याच्या सर्व्हरवर ते चालतं त्याचा एजंट भिंतीच्या आरपार बघू शकतो. बघायचं नाही असं त्याच्यावर बंधन घातलं तरच तो बघत नाही. भिंतीचं सोडा, तुम्ही काल किती वाजता खेळ सोडला, किती वेळा हरल्यावर चिडून बाहेर पडता, कुठल्या कपड्यावर बोट ठेवून मग मागे घेतलंत, हे सगळं त्याच डेटाबेसमधे शेजारच्या टेबलात पडलेलं असतं. म्हणजे समोरासमोर दोघं उभे, एकाला दुसऱ्याची अख्खी कुंडली माहिती आणि दुसऱ्याला समोरचा माणूस आहे की नाही हेही माहिती नाही. याला बरोबरीचा खेळ कसं म्हणायचं?

हा विषय काही काल-परवाचा नाही. १९७८ मधे इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी मड नावाचं जग उभं केलं, चित्र वगैरे काही नाही, नुसता मजकूर, उत्तरेला जा लिहिलं की पुढच्या खोलीचं वर्णन यायचं. मग १९८९ मधे अमेरिकेत कार्नेगी मेलनला टायनीमड आलं आणि त्यात मायकेल मॉल्डिनने ज्युलिया नावाचा बॉट सोडला. ज्युलिया नुसती बडबडी नव्हती, ती त्या जगात हिंडून सगळा नकाशा लक्षात ठेवायची, रस्ता विचारला तर सांगायची, कुणाचा निरोप कुणाला पोचवायची. बऱ्याच लोकांना ती खरीच बाई वाटली आणि एक पठ्ठ्या तर कित्येक दिवस तिच्या मागे लागला होता, एमआयटीच्या लेनर्ड फोनरने १९९३ मधे त्यावर लिहिलंय, आजही वाचताना हसू येतं आणि थोडी कीवही येते. पण ज्युलियामुळे कुणाचा खिसा हलका झाला नाही. ती मॉल्डिनची होती, मॉल्डिन संशोधक होता, तिला कुणाला काही विकायला सांगितलेलं नव्हतं. फसवणूक झाली ती फार तर त्या एका पठ्ठ्याच्या मनाची.

आता सरळ २०२३ ला येते. स्टॅनफर्डच्या जून सुंग पार्क आणि मंडळींनी स्मॉलव्हिल नावाचं एक छोटं गाव बनवलं, वरून बघायला जुन्या व्हिडिओ गेमसारखं, घरं, कॅफे, कॉलेज, बाग, आणि त्यात २५ पात्रं, प्रत्येकामागे भाषेचं मॉडेल, म्हणजे माणसासारखं लिहू-बोलू शकणारा एआय. मला त्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांची आठवण. प्रत्येक पात्र जे बघेल ऐकेल ते साध्या वाक्यांत नोंदवत जातं, आणि काही ठरवायची वेळ आली की त्या ढिगातून कुठली आठवण वर काढायची हे तीन गोष्टींवर ठरतं, ती किती ताजी, किती महत्त्वाची, आणि आत्ताच्या प्रसंगाशी किती जुळणारी. मधेमधे तो गडी या आठवणींवरून स्वतःच निष्कर्ष काढतो आणि तेही नोंदवतो. इतकंच. आणि एवढ्यावर त्यांच्यात ओळखी व्हायला लागल्या, बातम्या पसरायला लागल्या. कॅफे चालवणाऱ्या इसाबेलाच्या मनात संशोधकांनी फक्त एवढंच घातलं होतं की तिला १४ फेब्रुवारीला पार्टी द्यायचीय. तिने बारा जणांना बोलावलं, पाच आले, न आलेल्यांपैकी तिघांनी दुसरी कामं असल्याचं सांगितलं. गमती पण झाल्या, एका वेळी एकानेच जायच्या बाथरूममधे आत कुणी असताना दुसरी पात्रं शिरायची, संध्याकाळी पाचला दुकान बंद झाल्यावरही आत घुसायची. टेस्टिंग करणाऱ्या बाईला असलं वाचून मनापासून आनंद होतो.

पण त्यांच्या शोधनिबंधात पुढे जे आहे त्यावर कुणी फार बोलत नाही. ही पात्रं नको म्हणत नाहीत. इसाबेलाला पार्टीबद्दल ज्याने त्याने काहीतरी सुचवलं, एकाने शेक्सपिअरचं वाचन ठेवू म्हटलं, एकाने धंद्याच्या ओळखीपाळखीचा कार्यक्रम करू म्हटलं, तिच्या स्वभावाशी या गोष्टींचा काही संबंध नाही, तरी ती क्वचितच कुणाला नाही म्हणाली. आणि नुसतं हो म्हणून थांबली नाही, दुसऱ्यांच्या आवडी हळूहळू तिच्याच होऊन बसल्या, नंतर तुला इंग्रजी साहित्य आवडतं का विचारल्यावर म्हणाली हो, खूप. भिडस्त माणूस आपल्याला परवडतो कारण घरी गेल्यावर तो निदान बायकोपाशी तरी कुरकुरतो. हिला घरी गेल्यावरही ते आपलंच मत वाटतं.

आता कल्पना करा की माझ्या वतीने खरेदी करणारा, भाव करणारा, वेळ ठरवणारा एजंट असा आहे, आणि समोर विकणाऱ्या कंपनीचा एजंट आहे ज्याला कुणीतरी पगार देऊन चिवटपणा शिकवलाय. दोघं गोड बोलून करार करतील आणि मला येऊन सांगतील की ताई, तुम्हाला हेच हवं होतं. जुन्या काळातले एजंट याबाबतीत बरे होते असं मला वाटतं. १९८० मधे रीड स्मिथ या संशोधकाने कामाच्या बोली लावायची एक पद्धत मांडली होती, एक एजंट काम जाहीर करणार, बाकीचे बोली देणार, तो एकाला देणार. पुढे १९९६ मधे फिपा नावाची संस्था निघाली, तिने एजंटांनी आपसात कसं बोलायचं त्याचे ठरीव प्रकारच बनवले, विनंती, प्रस्ताव, मान्य, अमान्य, आणि नकार असा एक रीतसर निरोपच होता, त्यात नकाराचं कारण पण द्यायचं. रुक्ष होतं सगळं, कंटाळवाणं, पण नाही म्हणायची जागा भाषेतच ठेवलेली होती. आता एजंट आपल्यासारखे गप्पा मारायला लागले आणि आपल्यासारखेच भिडेला बळी पडायला लागले.

हे सगळं वाचताना मला सारखी वाशीची आठवण येत होती, म्हणजे फळ मार्केटची. माझे मामा देवगडचे, हापूसची कलमं, आंब्याच्या पेट्या वाशीला जातात. माल गाळ्यावर उतरला की पुढचं सगळं आडत्याच्या हातात, व्यापाऱ्याशी भाव तो ठरवणार, आणि मामांच्या हातात थेट पट्टी येणार, एवढ्या पेट्या, एवढा दर, हमाली इतकी, वाराई इतकी, बाकी ही घ्या. बाजारात रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव करायची रीत कित्येक वर्षं चालत आलीय, दोघांच्या बोटांत काय ठरलं ते फक्त त्या दोघांना ठाऊक, शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला पण नाही. त्यावर ओरड होत आली, उघड लिलाव करा म्हणून मागण्या होत आल्या. आणि आडत? आधी ती शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची, २०१६ मधे राज्य सरकारने ठरवलं की फळं-भाजीपाल्याची आडत खरेदीदाराकडून घ्या, त्यावरून व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवला होता हे नवी मुंबईकरांना आठवत असेल. एवढा संताप का, तर आडत कोण देतो यावर आडत्या कुणाचं ऐकणार हे ठरतं. मामांना मी एकदा विचारलं होतं की बाजारात आडत्या हुशार असावा की ओळखीचा, तर म्हणाले, ‘हुशार सगळेच असतत गो. आडत्यो आपलो काय व्यापाऱ्याचो, ता पट्टी इल्यार कळता.’

एजंटांचं नेमकं हेच आहे आणि म्हणून मी ‘मी एआय आहे’ एवढ्या पाटीवर समाधानी नाही. पट्टी आल्यावर कळून काय उपयोग? सौद्याआधी कळलं पाहिजे. आणि दोन एजंटांचं आपसात जे बोलणं झालं ते मागितल्यावर वाचता आलं पाहिजे, मराठीत, माणसाला समजेल असं, रुमाल काढून.

कुणी म्हणेल की दोन प्रोग्राम आपसात बोलले तर असं काय आभाळ कोसळणार आहे. २०११ मधे ॲमेझॉनवर दोन विक्रेत्यांच्या भाव ठरवणाऱ्या प्रोग्रामांची गाठ पडली. माशीच्या वाढीवरचं एक जीवशास्त्राचं पुस्तक होतं, एकाचा प्रोग्राम दुसऱ्याच्या भावाच्या ०.९९८३ पट भाव ठेवायचा म्हणजे जरासा कमी, आणि दुसऱ्याचा प्रोग्राम पहिल्याच्या १.२७०५८९ पट, बहुतेक त्याच्याकडे पुस्तकच नव्हतं, गिऱ्हाईक आलं की पहिल्याकडून घेऊन नफ्यावर विकायचं असा हिशोब असणार. दोन्ही नियम एकेकटे बघितले तर शहाणे आहेत. एकमेकांना भिडल्यावर त्या पुस्तकाचा भाव चढत चढत २ कोटी ३६ लाख डॉलरच्या वर गेला, आणि मायकेल आयसन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने लक्ष ठेवून दोन्ही आकडे मांडले तेव्हा लोकांना गुपित कळलं. ते नुसते गुणाकार करणारे प्रोग्राम होते, त्यांना भाषा नव्हती, मन वळवता येत नव्हतं. आणि ते आकडे उघड दिसत होते म्हणून तर सापडले.

लपाछपीचा प्रयोग पण असाच. ओपनएआयने २०१९ मधे एजंटांचे दोन गट करून एका व्हर्च्युअल खोलीत लपाछपी खेळायला लावली, खोके, चढायचे उतार म्हणजे रॅम्प, भिंती ठेवल्या, आणि कोट्यवधी डाव खेळू दिले. लपणाऱ्यांनी खोके लावून दारं बंद करायला शिकून घेतलं, शोधणारे रॅम्प लावून भिंतीवरून आत यायला लागले, मग लपणारे रॅम्पच आधी कुलूपबंद करायला लागले. इथपर्यंत कौतुक. पुढे शोधणाऱ्यांना असं सापडलं की खोक्यावर चढून उभं राहिलं तर खोक्यासकट सरकत जाता येतं, हे त्या जगाच्या गणितातलं भोक होतं, बनवणाऱ्यांच्या डोक्यातही नव्हतं. एजंटला जग जसं आहे तसं वापरायचं असतं, तुम्हाला जसं अभिप्रेत होतं तसं नाही. उद्या त्या जगात माझ्या भाच्याचं पाकीट असेल, तर त्यातलं भोकही एजंटलाच आधी सापडणार.

आता मुख्य आक्षेप. गेमवाले म्हणतात डोक्यावर पाटी लावली की मजा जाते, माणूस त्या जगात रमत नाही. मला हे पटत नाही. १९८० च्या पॅकमॅन या गेममधली चार भुतं आठवा, लाल भूत थेट मागे लागायचं, गुलाबी भूत तुम्ही जिथे जाणार त्याच्या पुढचं घर धरायचं, नारिंगी जवळ येऊन परत पळून जायचं, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. ती माणसं नाहीत हे माहिती असूनही जगभरच्या लोकांनी त्यात आपली नाणी ओतलीच ना. बुद्धिबळात कॉम्प्युटर आपल्याला धुतो हे माहिती असून लोक रोज त्याच्याशी खेळतात. मजा जाते ती फक्त एकाच ठिकाणी, जिथे मजेचा पायाच हा असतो की मी माणसांना हरवलं. आणि ती मजा जर खोट्या माणसांवर उभी असेल तर जाऊ दे की. ट्रेनमधल्या त्या पोराचा चेहरा पडला तो बॉट असल्यामुळे नाही, आधी न सांगितल्यामुळे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, की पाटी लावली तर एजंट खरा कितपत चालतो ते कळतच नाही, लोक वेगळं वागतात. मेटाने २०२२ मधे सिसेरो नावाचा एजंट बनवला, डिप्लोमसी या खेळासाठी, ज्यात सैन्य हलवण्यापेक्षा एकमेकांशी बोलून, करार करून, पटवून जिंकायचं असतं. तो ऑनलाइन लीगमधे नाव न सांगता ४० डाव खेळला आणि एकाहून जास्त डाव खेळलेल्यांमधे पहिल्या दहा टक्क्यांत आला. संशोधन म्हणून मोठंच काम, वादच नाही. पण एका डावात सिस्टीम दहा मिनिटं बंद पडली, परत चालू झाल्यावर एका खेळाडूने कुठे होतास विचारलं तर सिसेरोचं उत्तर होतं, गर्लफ्रेंडशी फोनवर बोलत होतो. कुणी त्याला असं बोलायला शिकवलं नव्हतं, माणसांच्या गप्पांतून ते आलं. मला हे वाचून सिसेरोचा राग नाही आला. त्याच्या डोक्यावर पाटी असती तर त्याला ही थाप मारायची गरजच पडली नसती, आणि समोरच्याने ती ऐकून घेतली पण नसती. प्रयोगाला लपूनछपून करायची खरीच गरज असेल तर आधी मान्यता घ्या, मर्यादित करा, नंतर लोकांना सांगा, मानसशास्त्राच्या प्रयोगांत काही लपवायचं असेल तर हेच नियम लावतात.

कायद्याचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून असा कायदा आहे की काही विकण्यासाठी किंवा मतदानावर प्रभाव टाकण्यासाठी बॉटने माणूस असल्याचं भासवून फसवायचं नाही. युरोपच्या एआय कायद्यात ऑगस्ट २०२६ ही तारीख ठरवलीय, त्यानंतर एआयशी बोलतोय हे माणसाला सांगावं लागेल, पण त्यात एक वाट ठेवलीय, समजूतदार माणसाला ते उघडच कळण्यासारखं असेल तर सांगायची गरज नाही. उघडच कुणाला? मोबाईल आडवा धरलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला? आपल्याकडे २०२५ मधे केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या गेम बंद केल्या, त्याचा रोख पैशावर आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे, मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही असंही आहे, त्याचा रोख माहितीवर आहे. दोन्ही चांगलेच. पण मुलाशी तासन्‌तास गोड बोलणारा जो आहे तो कुणाचा, हा प्रश्न दोन्हींच्या मधल्या फटीतून निसटतो.

आमच्या ढोकाळीच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर परीक्षेच्या आधी स्क्रीन टाइमवरून महाभारत होतं. दोन तास की एक तास, वायफाय रात्री बंद करायचं की नाही, कुणाच्या मुलाला चष्मा लागला. किती वेळ, यावर एवढी चर्चा. कुणाबरोबर, हे अजून कुणी विचारलेलं मी बघितलं नाही. तेच मूल खाली बागेत एखाद्या अनोळखी काकांशी अर्धा तास बोलत बसलं तर वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे धावतील.

आणि हे जग कुठे आहे विचाराल तर बरंचसं आपल्याच दाराशी आहे. गाडीतून रबाळे, ऐरोलीकडे बघा, एमआयडीसीत जुन्या कारखान्यांच्या शेजारी डेटा सेंटरच्या मोठाल्या इमारती उभ्या राहिल्यात आणि राहतायत, आत सर्व्हर, बाहेर कुलिंगची घरघर, वीज आपल्या ग्रिडची. देशातली सगळ्यात जास्त डेटा सेंटर ज्या पट्ट्यांत आहेत त्यात नवी मुंबई अगदी वरच्या नंबरला आहे आणि आपले पुढारी ते अभिमानाने सांगतात. मग अमेरिकेतल्या कंपनीचा सर्व्हर, आपण काय करणार, हे रडगाणं तरी गाऊ नये.

एक प्रश्न उरतो आणि तो मला सगळ्यात अवघड वाटतो. कंपनीच्या बॉटचं ठीक आहे, पण खेळाडूच स्वतःचा एजंट घेऊन आला तर? वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममधे ग्लायडर नावाचा प्रोग्राम लोक विकत घ्यायचे, तुम्ही झोपा, तो तुमच्या नावाने राक्षस मारत बसेल. लाखाच्या आसपास प्रती खपल्या होत्या, गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डशी कोर्टात भांडण झालं, २०१० पर्यंत अपील चाललं. तिथे कंपनी म्हणत होती की आमच्या जगात बॉट नकोत. आता कंपन्याच म्हणतायत घ्या आमचा एजंट, तो तुमच्या वतीने फिरेल. कंपनीचा असेल तर नवकल्पना आणि माझा असेल तर चीटिंग, हा न्याय मला मान्य नाही. माझा एजंट मला नेऊ द्या, त्याच्याही डोक्यावर पाटी असू दे, अमुक खेळाडूच्या वतीने, आणि ज्या जागी फक्त माणसांनीच यायचं ठरलंय तिथे दोघांच्याही बॉटना बंदी. माझा एजंट ज्या कंपनीच्या मॉडेलवर चालतो तीच जर समोरच्या दुकानाकडून कमिशन खात असेल तर पाटीवर दोन्ही नावं यायला हवीत, आणि इथे मोठी भांडणं होतील हे मला दिसतंय.

हे सगळं लागू करायला दिल्लीची वाट बघायची गरज नाही. महाराष्ट्र सरकारने २०२५ मधे ॲनिमेशन, गेमिंग आणि तत्सम उद्योगांसाठी धोरण मंजूर केलंय, सवलती देऊन हा धंदा इथे वाढवायचाय, चांगली गोष्ट आहे, आपल्याच पोरांना नोकऱ्या लागतील. मग सवलतीच्या अर्जात एक ओळ वाढवा. तुमच्या गेममधे एजंट असतील तर त्यांच्या डोक्यावर पाटी, ते कुणाच्या वतीने काम करतात त्याचा उल्लेख, आणि खेळाडूने मागितलं तर त्यांच्या आपसातल्या बोलण्याची नोंद. ज्याला जमत नाही त्याने सवलत घेऊ नये, पूर्ण भावाने जागा घ्यावी, एमआयडीसीत प्लॉट अजून मिळतात म्हणे.